दंड पुढं केला तो दिवस

काल दवाखान्यात गरोदर नातीच्या दंडावर नर्सनं स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी चंदगडच्या आमच्या सोप्यात जाऊन उभी राहिले.

तेव्हा मला सहावा महिना होता. आधीची दोन्ही बाळं धनुर्वातानं आठवड्याच्या आतच गेली होती. नर्सबाई धनुर्वाताची सुई घेऊन आल्या, तर सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"सुई पोटातल्या पोराला लागंल की. आमच्यात न्हाय कोण घेत."

त्यांच्यापुढं मी कधी मान वर केली नव्हती. तरी पुढं गेले. चोळीची बाही घट्ट, वर सरकेना. मी दातांनी शिवण उसवली आणि दंड पुढं केला.

"नवी चोळी की गं ती," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा तो मला माझा उद्धटपणा वाटला होता. आता वाटत नाही.

महिन्यानं दुसरी सुई घेतली. बाळ झालं. आठवा दिवस उजाडला तरी ते जोरानं दूध ओढत होतं, नवव्या दिवशीही.

बाराव्या दिवशी नर्सबाई गल्लीत दिसल्या. सासूबाई त्यांच्यापुढं चालू लागल्या आणि दारोदार हाका मारत सुटल्या, "भाईर या गं पोरींनो, टोचून घ्या. माझा नातू जगलाय."