रेघेच्या वरची जागा

तुमच्या घरातली लग्नपत्रिका देवापुढे ठेवताना, ती कोणाच्या हातची आहे याची चौकशी तुम्ही कधी केली आहे का?

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोने केली. मला काही न विचारता केली. त्यांनी पट्टी घेतली, पेन्सिल घेतली आणि मी नेलेल्या कोऱ्या कागदावर, वरून चार बोटं सोडून, एक आडवी रेघ मारली.

"याच्या वर काही लिहू नकोस हं."

गेल्या वर्षीचा, म्हणजे पंचाऐंशीचा फेब्रुवारी. अमेरिकेतलं ॲन आर्बर. बाहेर गुडघाभर बर्फ. दोन बस बदलून मी त्यांच्या घरी गेले होते. कागद भिजू नयेत म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोटाच्या आत, छातीशी धरून नेले होते. काकूंच्या मुलीचं, अमिताचं लग्न ठरलं होतं. चारशे पत्रिका. माझ्या धंद्यातलं पहिलं मोठं काम.

मला वाटलं, वरची जागा चित्रासाठी सोडायची आहे. मी उत्साहाने म्हणाले, "गणपती हवाय ना तिथे? मी काढून देते काकू. दिवाळी अंकावर काढला होता तसाच."

"नको नको. चित्र नकोय. वर गणपतीचं नाव येतं, कुलदेवतेचं येतं. त्या चार ओळी हे लिहितील. ह्यांचं अक्षर काही अगदीच वाईट नाही."

"पण काकू, एका पत्रिकेवर दोन हातांचं अक्षर विचित्र दिसेल."

अमिता समोर उभी राहून सीरियल खात होती. इथेच जन्मलेली मुलगी. ती म्हणाली, "मॉम, व्हाय कान्ट शी जस्ट राइट द होल थिंग?"

"तू गप्प बस. तुला नाही कळायचं." मग काकू माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आणला. प्रेमळ केला. "पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते गं. आता आम्ही काही तसले नाही, तुला माहितीये. तू इथे बसून चहा पितेसच की नाही? पण देवाचं ते देवाचं. आणि इंडियातून सासूबाई येणारेत. तू शिकलेली आहेस. समजून घेशील."

चहाचा कप त्यांच्याच सेटमधला होता. तेवढं खरं आहे.

मी म्हणाले, "बरं काकू."

हे दोन शब्द मी इथे मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्या रेघेपेक्षा मला या दोन शब्दांची जास्त लाज वाटते. मी कागद गोळा केले, बूट घातले आणि बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले.

आता मी कोण ते सांगते. माझे वडील नागपुरात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शिशाचे उलटे खिळे ते बघता बघता ओळीत बसवत. मालकाच्या कामाच्या वेळात सत्यनारायणाच्या पत्रिका, लग्नाच्या पत्रिका, सराफाच्या जाहिराती. सुट्टी झाली की मालकाच्या परवानगीने आपल्या वस्तीची पत्रकं. मोर्चाची, सभेची, जयंतीची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बालभारतीच्या आधी मला "बंधू-भगिनींनो" हा शब्द येत होता. ठळक अक्षर कुठे घ्यायचं, माणसाची नजर कुठे थांबते, हे मला वडिलांनी ओल्या प्रुफावर बोट ठेवून शिकवलं.

आम्ही बौद्ध. वडील देवाच्या पत्रिका जुळवायचे आणि देव मानायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मजकूर गिऱ्हाईकाचा. काम माझं. कामात कसूर झाली तर मला सांगा." मीही त्याच न्यायाने गणपती काढला. नागपुरात कोणी वडिलांना कधी अडवलं नाही. का ते मला इथे येऊन कळलं. शिशाच्या खिळ्याला कोणाचा हात लागला ते कागदावर उमटत नाही. हाताने लिहिलेल्या अक्षरात माणूस दिसतो.

आणि इथे तर हातच लागत होता. मिशिगनभर शोधलं तरी मराठी जुळणी करून देणारा छापखाना नाही. मंडळाचं पत्रक, हळदीकुंकवाचं बोलावणं, बारशाचं आमंत्रण, सगळं कोणीतरी बॉलपेनने खरडायचं आणि झेरॉक्स काढायचं. माझा नवरा मिलिंद इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिरक्या टोकाची निबं आणि काळी शाई विकत आणली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर धंदा सुरू केला. सहा महिन्यांत मंडळाचं प्रत्येक पत्रक माझ्या हातचं निघू लागलं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठसुद्धा. त्यावरचा गणपती काकूंनी कापून, फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता. तेव्हा त्यांना माझं काही माहीत नव्हतं. आडनावावरून अंदाज लागत नव्हता आणि मी कोणाच्या अंदाजाला मदत केली नव्हती.

मग पत्रिकेचे नमुने बघायला काकू आमच्या अपार्टमेंटमध्ये आल्या. मी नमुन्यांची वही पुढे ठेवली. त्यात वडिलांनी जुळवलेलं जयंतीचं एक पत्रक चिकटवलेलं होतं. त्याच्यासारखा मथळा मी आजवर पाहिलेला नाही, म्हणून चिकटवलं होतं. काकूंचं बोट पानांवरून सरकत त्या पत्रकावर आलं आणि थांबलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "असं होय." आणि पान उलटलं. पाचव्या दिवशी रेघ आली.

मिलिंद म्हणाला, "ऑर्डर कॅन्सल कर. सोड यार."

मी म्हणाले, "आणि मशीनचं काय?"

मशीनचं असं होतं. गावातला एक म्हातारा प्रिंटर दुकान बंद करत होता. त्याचं छोटं ऑफसेट मशीन तो मला द्यायला तयार होता. मी हाताने लिहायचं, आणि घरच्या घरी हजारो प्रती. शिकागोपासून डेट्रॉइटपर्यंतच्या मराठी माणसांचं काम मी एकटी घेऊ शकले असते. लायब्ररीत दर मंगळवारी छोटे धंदे सुरू करणाऱ्यांसाठी एक वर्ग चालतो, तिथे मी जायचे. शिकवणाऱ्या मिसेस डॉइल. चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेली बाई. त्यांनी माझे कागद बघितले आणि सांगितलं, "तुझ्याकडे कसब आहे, गिऱ्हाईक आहे. मशीनच्या कर्जासाठी बँकेला एक पत्र लागेल. कुठल्यातरी रजिस्टर्ड संस्थेचं, की आम्ही हिला वर्षभर काम देऊ. तुमची संस्था आहे ना? मग अडचण काय?"

त्यांना अडचण समजली नसती. माझ्या ओळखीतली तशी संस्था एकच होती. तिचे अध्यक्ष काका. पत्रावर सही त्यांची.

म्हणून मी रेघेखाली लिहिलं. चांगलं लिहिलं. कसूर केली नाही. अमिताचं नाव, नवऱ्या मुलाचं नाव, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं. वर चार बोटं जागा कोरी. त्या जागेत काकांनी फाउंटन पेनाने चार ओळी लिहिल्या. पत्रिका छापून आल्या.

मार्चमध्ये मंडळाचा कार्यक्रम झाला. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलेलं. मागे कापडी फलक, "नवउद्योजकांच्या पाठीशी". तोही मीच रंगवलेला. स्टेजवर आम्ही दोघं. मी आणि हिंदी सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारे नंदूभाऊ. काकांनी भाषण सुरू केलं. गुजराती एकमेकांना कसे उभे करतात, मराठी माणूस मराठी माणसाचे पाय कसे ओढतो, आपण आपल्यातल्या नव्या माणसाला पहिलं काम कसं दिलं पाहिजे. चांगलं भाषण होतं. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

नंदूभाऊ माझ्या कानात म्हणाले, "वहिनी, ह्यांना फास्ट फॉरवर्डचं बटण कुठंय?"

मी हसले. खरंच हसले. मला वाटत होतं, आज पत्र मिळणार.

मग काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून लांब पांढरा लिफाफा काढला, लोकांना दाखवला आणि परत ठेवला. दुसऱ्या हाताने लग्नाची पत्रिका उंच धरली. "हे बघा. आमच्या अमिताची पत्रिका. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हाताने लिहिलेली! आणि कोणी? आपल्या या मुलीने. हिला मंडळाने संधी दिली. आता ती दोन शब्द बोलेल. आणि मग हे पत्र."

टाळ्या.

पहिल्या अक्षरापासून.

टाळ्यांसाठी पत्रिका सगळी माझी. देवापुढे मात्र रेघेखालची. माझ्या हाताचं कौतुक करायला हरकत नव्हती, तो हात चार ओळींपासून लांब ठेवला की झालं. आणि ही व्यवस्था चालावी म्हणून एकच गोष्ट लागत होती. माझं "बरं काकू". तेवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. बाकी सगळं त्यांच्याकडे होतं.

मी माइकसमोर गेले.

मी म्हणाले, "वरच्या चार ओळी माझ्या नाहीत. त्या काकांनी लिहिल्या आहेत. मी बौद्ध आहे म्हणून मला त्या लिहू दिल्या नाहीत. पत्रिका देवापुढे ठेवायची होती म्हणून. बाकीचं अक्षर माझं आहे."

काकांनी उंच धरलेली पत्रिका खाली घेतली.

काका म्हणाले, "हा विषय इथला नाही."

पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "तुम्ही लोक हे अमेरिकेतसुद्धा घेऊन आलात का?"

"मी अक्षर घेऊन आले," मी म्हणाले. "रेघ मी मारलेली नाही."

कोणीतरी लहान मुलांना बाहेर न्यायला सांगितलं. जणू मी शिवी दिली होती. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि चार बायका त्यांच्याभोवती. माझ्याजवळ मिलिंद. अमिता मात्र मागच्या भिंतीला टेकून पत्रिका उलटसुलट करून बघत होती. तिला मराठी वाचता येत नाही. दोन वेगळी अक्षरं मात्र तिला दिसत असणार.

नंदूभाऊ स्टेजवरून उतरताना पुटपुटले, "काय वहिनी! लेटर तरी आधी घ्यायचं. मग बोलायचं."

त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पत्र खिशात घालून बोलले असते तर मशीन आज आमच्या बेसमेंटमध्ये असतं. पण पत्र घेतल्यावर मी बोलले नसते. मी स्वतःला ओळखते. मी पुन्हा "बरं" म्हणाले असते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

आम्ही कोट घेत होतो तिथे काका आले. लिफाफा हातात. रागात नव्हते. थकलेले दिसत होते.

"हे बघ, काकू रडतेय. तिच्याजवळ जा, सॉरी म्हण, विषय संपव. सही केलेलं आहे."

"काका, यात काय लिहिलंय?"

"तेच. की तुझं काम उत्तम आहे, तू विश्वासू आहेस, मंडळ तुला वर्षभर काम देईल."

"हे खरं असेल तर माफीशिवाय द्या. खरं नसेल तर फाडून टाका."

त्यांनी फाडलं नाही. दिलंही नाही. खिशात ठेवलं आणि आत गेले.

पुढच्या मंगळवारी मी मिसेस डॉइलना सांगितलं, पत्र नाही. त्यांनी विचारलं, "पण ते तर तुझेच लोक ना?" मी माझे कागद पिशवीत भरले. मशीन एका चर्चला गेलं. मंडळाचं पत्रक पुन्हा बॉलपेनने खरडलेलं येतं. आम्हाला मात्र येत नाही, ते मी नंदूभाऊंच्या दुकानात बघते.

माझा धंदा बंद झालेला नाही. वाढलेलाही नाही. टेबल तेच, शाई तीच. जे येतात त्यांना मी आधी माझी अट सांगते. मजकूर तुमचा, कुठल्याही देवाचा असो. पण कागद कडेपासून कडेपर्यंत माझ्या हातचा, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. अट ऐकून या वर्षात तीन घरं परत गेली. त्यांनी दारातच बूट पुन्हा घातले. मी त्यांना थांबवलं नाही. यापुढेही थांबवणार नाही. काम गेलं तर दुसरं शोधीन. ते "बरं काकू" मात्र पुन्हा तोंडातून काढणार नाही.

आता तुमच्याबद्दल. हे वाचणाऱ्यांपैकी काहींची सही चालते. तुम्ही कुठल्यातरी मंडळाचे, संघाचे, सोसायटीचे, शाळेच्या कमिटीचे सभासद आहात. तुमच्या गावात कोणीतरी नुकतंच दुकान टाकलं आहे, शिवणयंत्र घेतलं आहे, गॅरेजमध्ये काही जोडायला बसलं आहे. त्याला तुमची भाषणं नकोत. स्टेजही नको. त्याला बँकेत दाखवायला एक कागद हवा आहे.

या आठवड्यात तो लिहा. कौतुक नको. किती काम देणार आणि कोणत्या महिन्यापासून देणार, एवढंच लिहा. त्याचं आडनाव तुम्हाला आवडतं की नाही, ते मनातसुद्धा आणू नका. खाली सही करा. आणि लिफाफा खिशात घालून त्याच्या वागण्याची वाट बघत बसू नका. त्याच्या दुकानात जा आणि त्याच्या हातात द्या.