हादरा थांबल्यावरची हाक

जमीन हलली की आमच्या वस्तीत सगळेच ओरडतात, "कान दाम ए, कान दाम ए." आम्ही जिवंत आहोत. म्हातारी माणसं सांगत आली आहेत की जमिनीखाली राहणारे लोक वर कोणी उरलंय का हे बघायला डोंगर हलवतात, आणि उत्तर मिळालं की थांबतात. तरुण मुलं हसत ओरडतात, पण ओरडतात. फळीवरची भांडी वाजायची थांबली की हाका विरतात आणि लोक आपापल्या कामाला लागतात.

थिआंगीबाई, आमच्या बोलीत पी थिआंगी, मात्र तिथे थांबत नसे. घराबाहेरच्या पायरीवर उभी राहून ती ॲल्युमिनियमची थाळी पळीने बडवत राही आणि ओरडत राही. उतारावर तिच्या वरच्याच अंगाला ऊ झाबाचं घर. वस्तीची दवंडी देणारा तो. पूर्वी टेकाडावर उभा राहून देई, आता कर्ण्यातून देतो. वयाने मोठा म्हणून सगळेच त्याला ऊ म्हणतात. तो खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, "थिआंगी, त्यांनी ऐकलं गं. आता कानांत बोळे घालून बसलेत बिचारे."

"तुमची दवंडी तरी कोण ऐकतं, ऊ झाबा? तरी देताच ना रोज." असं म्हणून ती आणखी चार वेळा थाळी वाजवी आणि मगच आत जाई.

बाई चणीने लहान, पानसुपारीने ओठ कायम लाल. नवरा फार लवकर तापाने गेला. मुलगी लग्न होऊन ऐजॉलला. ही रस्त्याच्या कडेला बांबूच्या तट्ट्याच्या सावलीत बसून खडी फोडायची. बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, तरी एका अंगठ्याचं नख नेहमी काळंनिळं. दगड फोडण्याआधी ती त्यावर हातोडीने हलकेच टिचकी मारी. वाळूचा दगड असला तर आवाज खणखणीत येतो, चिकणमातीचा पापुद्र्यांचा दगड बद्द वाजतो आणि पावसात त्याचा चिखल होतो. एरवी ती तशी धीट होती. एकदा सरपणात निघालेला साप तिने चिमट्यात धरून दरीत फेकला होता. भीती होती ती एकच, जमीन हलण्याची.

तिचं कारण तिने मला एका संध्याकाळी सांगितलं. खडी फोडताना तिला दगडात शिंपला सापडला होता. तो घेऊन ती माझ्याकडे आली. "सर, तुम्ही भूगोल शिकवायचात ना. डोंगरात हा कोणी आणून टाकला?"

मी म्हटलं, कोणी टाकला नाही. हे डोंगर समुद्राच्या तळाशी होते. वाळूचे आणि चिखलाचे थर एकावर एक साचले आणि त्यांचे दगड झाले. मग मी तिच्या अंगावरची शाल मागून घेतली, टेबलावर पसरली आणि पश्चिमेच्या बाजूने हळूहळू पूर्वेकडे ढकलली. शालीला लांबट वळ्या पडल्या. या वळ्या म्हणजे आपल्या टेकड्यांच्या रांगा, मी म्हटलं. पश्चिमेकडची जमीन पूर्वेकडच्या जमिनीखाली घुसते आहे. नखं वाढतात तितक्या सावकाश. पण दगड सहजी सरकत नाही, अडकतो, ताण साठत जातो, आणि एक दिवस सुटतो. तो सुटला की आपण हलतो.

ती शालीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे खाली माणसं नाहीत?"

"नाहीत."

तेव्हा तिने ते सांगितलं. ती लहान असताना सगळे शेतावरच्या झोपडीत होते. तिने भाताची दुरडी सांडली म्हणून आई रागावली होती, आणि आता तोंडातून अक्षर काढू नकोस असं बजावलं होतं. तेवढ्यात जमीन हलली. आई, बाप, भाऊ सगळे ओरडले. ही आईच्या धाकाने गप्प राहिली. समोरचा उतार दोन झोपड्यांसकट दरीत गेला. तिला कोणी बोल लावला नाही, कारण ती गप्प होती हे कोणाला कळलंच नव्हतं.

"खाली कोणी नसेल तर माझ्यामुळे काही झालं नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही झालं तुमच्यामुळे."

तिने शाल परत अंगावर घेतली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "पण सर, हे तर जास्तच वाईट. मग ओरडून ते थांबणारही नाही."

थाळी वाजवणं तिने सोडलं नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, सोडायची भीती वाटते.

मग तो जून आला. पहिला हादरा पहाटेच आला आणि चर्चच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. कधी खिडकीची काच नुसती थरथरे, कधी चूल उलटी होई. जिल्ह्याच्या गावाहून सांगावा आला की घरांत झोपू नका. आम्ही सगळे खेळाच्या मैदानावर ताडपत्र्या ताणून राहायला गेलो. पाऊस सुरू झाला होता. ताडपत्रीवर थेंब पडायला लागले तरी माणसं दचकत. लहान मुलं चालायची सोडून आईच्या अंगाला चिकटून बसत. कोणी बाकावर पाय हलवला तर शेजारचा खेकसे, हलवू नको. जमीन स्थिर असतानाही ती हलते आहे असं वाटे, आणि खरंच हलली की क्षणभर कोणाचाच विश्वास बसत नसे.

पी थिआंगी आमच्याबरोबर मैदानावर होती, पण तिची डुकरीण घरी होती. ती व्यायला झाली होती. अशा दिवसांत तिला उतारावरून चालवत आणणं शक्य नव्हतं, आणि मैदानावर डुकरं नकोत असं सगळ्यांनी ठरवलेलं. म्हणून पी थिआंगी रोज सकाळी आणि दुपारी अळवाची पानं शिजवून डबा भरी आणि खाली घरी जाई. जाताना थाळी काखेत.

घराच्या मागे तिने स्वतः रचलेली दगडी भिंत होती. डोंगर तिथे कापलेला, आणि भिंतीमागे तोच पापुद्र्यांचा मऊ दगड. त्यात पाणी मुरलं की तो फुगतो. मी एकदा तिच्याबरोबर गेलो तेव्हा भिंतीचं मधलं अंग पुढे आलेलं दिसलं. गरोदर बाईच्या पोटासारखं. दगडांच्या सांध्यांतून पिवळट पाणी गळत होतं. तिच्याच पायथ्याशी डुकरिणीचा गोठा.

"पी थिआंगी, ही भिंत येणार," मी म्हटलं.

"दिसतंय मला. मीच रचलीय," ती म्हणाली. भिंतीकडे न बघता तिने डबा डुकरिणीच्या पुढ्यात रिता केला. "डुकरीण कोंडलेली आहे सर. मी नाही आले तर तिला खायला कोण देणार?"

"दार उघडून सोडा तिला."

"आणि ती कुठे जाऊन विणार? दरीत?"

वर आल्यावर मी ऊ झाबाला सांगितलं, तिला समजावा. तो तिच्या ताडपत्रीत गेला. काय बोलला ते बाहेर ऐकू येत होतं. तुझी डुकरीण तुझ्यापेक्षा शहाणी आहे, ती तरी ओरडत नाही, वगैरे. पण बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. ती त्याला म्हणाली होती की मलाही जायचं नसतं, रोज जाताना पावलं मोजून टाकते.

ती दुपार तशी उघडी होती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, बायकांनी कपडे वाळत घातले होते. पी थिआंगी डबा घेऊन खाली गेली. आम्ही गुळाचा काळा चहा पीत बसलो होतो. आधी कुत्री गप्प झाली. मग मैदान एखाद्या चादरीसारखं एका बाजूने उचललं गेलं, आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो. कान दाम ए, कान दाम ए. खाली कुठेतरी दगड गडगडल्याचा आवाज आला. मैदानाच्या सगळ्या बाजूंनी दगड गडगडत होते, नेमका कुठला ते कळणं अशक्य होतं.

हादरा थांबला. हाका थांबल्या. आणि खालून पी थिआंगीची हाक येत राहिली. कान दाम ए, कान दाम ए.

मैदानावर कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले, कारण ती हाक ऐकून सगळ्यांनाच जरा सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे जिवंत आहे. एक बाई म्हणाली, आता ही तासभर थांबायची नाही. लोक चहा सांडलेले कप परत भरून घेऊ लागले.

ऊ झाबाने कप तोंडाला लावला नाही. तो मान तिरकी करून ऐकत होता.

"थाळी कुठाय तिची?" तो म्हणाला.

आम्ही सगळे ऐकू लागलो. हाक येत होती, ठरावीक लयीत येत होती. थाळी वाजत नव्हती.

उतारावरून तेवढ्या वेगाने मी तारुण्यातही कधी उतरलो नव्हतो. पायऱ्यांवर चिखल, कठड्याचे बांबू मोडलेले, आणि प्रत्येक पावलाला वाटे की आता पुन्हा हलेल. घर जागेवर होतं. भिंत नव्हती. ती होती तिथे ओल्या दगडांचा आणि चिखलाचा ढीग, त्यातून गोठ्याचा एक वासा आडवा बाहेर आलेला. थाळी चपटी होऊन वर पडली होती. हाक त्या ढिगातून येत होती.

"थिआंगी, गप्प बस. आम्ही आलोय," ऊ झाबा म्हणाला. आवाज थांबला नाही. मग तो गुडघ्यांवर बसला, वाशाजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाला, "बरं. ओरड तू. ओरडत राहा."

दगड एकेक करून काढायचे होते. ढिगातला प्रत्येक दगड कशाला तरी आधार देत होता. चुकीचा ओढला तर वासा खाली बसला असता. फावडं चालवायची सोय नव्हती. आम्ही साखळी केली, हातातून हातात दगड द्यायला लागलो. वरच्या कापातून मातीची ढेकळं अधूनमधून सुटत होती. ती पडली की साखळीतला प्रत्येक माणूस मान वर करी आणि पुढचा दगड घेई. तिचा आवाज फाटायला लागला होता. पुढे पुढे नुसता श्वास बाहेर पडायचा, पण लय तीच.

तिचा खांदा आणि तोंड दिसलं तेव्हाच पुन्हा जमीन हलली.

कोणी पळालं नाही. पळायला जागाच नव्हती. ऊ झाबाने वाशाखाली पाठ घातली. बाकीचे जिथे होते तिथे, हातात दगड धरून, ओरडले. मीही ओरडलो. खाली काय आहे ते आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलेला मी, डोळे मिटून, माझ्या आजीच्या आवाजात ओरडलो. ढिगातून तिचे ओठ हलताना दिसत होते.

वासा तेवढा टिकला. तिला काढलं तेव्हा एक पाय गुडघ्याखाली वेगळ्याच दिशेला होता. तिला पाठीवर बांधून वर नेली. ऊ झाबाची पाठ वाशाने सोलली होती. तो वाटेत दोनदा म्हणाला, एवढीशी बाई आणि वजन बघा, खडी खाते की काय. डुकरीण भिंत पडण्याआधीच दार मोडून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती चर्चमागच्या भोपळ्याच्या मळ्यात सापडली, पिल्लांसकट. मैदानावर डुकरं नकोत हे मग कोणी बोललं नाही.

पी थिआंगी बऱ्याच दिवसांनी इस्पितळातून परत आली. पाय राहिला, पण वाकडा. आवाज परत आला नाही. बोलते ते जवळ बसलं तरच ऐकू येतं. ऊ झाबाने तिची चपटी थाळी ठोकून बरीचशी सरळ केली आणि न बोलता तिच्या उशाशी ठेवली.

हादरे कमी झाले आहेत, संपलेले नाहीत. परवा संध्याकाळी आला. आम्ही ओरडलो, भांडी वाजायची थांबली, आणि मग कोणीच हललं नाही. कोणी चहाकडे गेलं नाही. सगळी वस्ती आपापल्या दारात उभी राहून तिच्या घराकडे कान लावून होती. ऊ झाबा खिडकीत होता, कठडा दोन्ही हातांनी धरून. बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

मग थाळी वाजली.