चिठ्ठीत न आलेली बाजू

कुलूपवाल्याने दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि सवयीने दोनदा हिसका देऊन पाहिलं. हे कुलूप बिनकिल्लीने उघडू शकेल असा माणूस अख्ख्या बाजारात एकच होता. तो म्हणजे त्याचे वडील, आणि ते आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत.

"भरदुपारी कुठे निघालात? कोणाचं दार अडकलं?" शेजारच्या चष्मेवाल्याने विचारलं.

"पोरीच्या वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी आहे."

"मग त्या समोरच्या पोराची कीव येते मला. तुमची वकीलबाई माझ्याशी चष्म्याच्या काड्यांवरूनही वाद घालते."

"विषय वाईट आलाय," कुलूपवाला म्हणाला आणि विषय कोणता ते न सांगता निघाला.

विषय त्याला बायकोकडून कळला होता. मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती. म्हणजे 'सही हवी', 'पाणी आलंय', 'आई उशिरा येणार आहे' एवढं बोलायची, पण शेजाऱ्याशी बोलावं तसं. 'वृद्धांची देखभाल घरापेक्षा संस्थेत अधिक चांगली होते' हा विषय शाळेने आठवडाभर आधी फळ्यावर लिहिला होता. बाजू कोणती ते मात्र ऐन वेळी, व्यासपीठावर चिठ्ठी उचलून ठरायचं, त्यामुळे दोन्ही बाजू तयार ठेवाव्या लागत.

"तू जाऊ नकोस," बायको म्हणाली होती. ती बेकरीत कामाला होती आणि तिला सुट्टी मिळाली नव्हती. "तिला विरोधी बाजू आली तर भरसभेत तुझंच पोस्टमॉर्टेम व्हायचं."

"होऊ दे. निदान ती काय बोलते ते तरी कळेल."

वडिलांना तो अण्णा म्हणे. बाजार त्यांना 'मास्टर-की' म्हणायचा. अण्णा कानसीने किल्ली घासत तेव्हा बघत नसत, ऐकत असत. किल्ली बरोबर बसली की आवाज बदलतो, असं त्यांचं म्हणणं. कुलूप उघडताना मात्र किल्लीची मदत घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. "किल्लीने कोणीही उघडतं," ते म्हणायचे, "त्यात आपलं काय?" आठ वर्षांची असल्यापासून नात शाळा सुटली की दुकानात येऊन स्टुलावर बसायची आणि कुठलाही विषय काढायची: गृहपाठ असावा की नसावा, मांजर हुशार की कुत्रा. आजोबांनी उलट बाजू घ्यायची, हा ठराव. मान वर न करता ते म्हणत, "मला मान्य नाही." आणि मग घासणं चालू ठेवून असं काही बोलत की पोरगी रडकुंडीला येई आणि दुसऱ्या दिवशी नवे मुद्दे घेऊन हजर होई. शाळेत तिला बक्षिसं मिळू लागली ती या स्टुलावरच्या मारामारीतून.

पुढे अण्णा विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग घराचा रस्ता, मग एक दिवस सुनेला त्यांनी "बाई, आपण कोणाकडच्या?" असं फार अदबीने विचारलं. नात विषय काढायची तेव्हा विषय त्यांच्या डोक्यावरून जायचा, पण ती श्वास घ्यायला थांबली की त्यांचं "मला मान्य नाही" बरोबर ठिकाणी पडायचं. आणि बोटं तर काहीच विसरली नव्हती.

इथेच सगळं अडलं. अण्णा हरवायला लागले. एकदा चौकात सापडले, एकदा बसथांब्यावर, आणि एकदा पलीकडच्या गल्लीत एकांच्या स्वयंपाकघरात. मागचं दार उघडून आत बसले होते. घरच्यांनी ओळखलं म्हणून चहा मिळाला, मार नाही. मुलाने घराला लॅच लावलं. ते उघडलं. वर बोल्ट बसवला. तोही उघडला. मग त्याने दुकानातलं सगळ्यात अवघड कुलूप आणलं आणि किल्ली गळ्यात घातली. अण्णांनी सुनेच्या केसातली पिन घेतली आणि ते कुलूप काढून, पुसून, नीट टेबलावर ठेवलं. घरातल्या पिना, तारा, काटेचमचे लपवून ठेवायची वेळ आली. "सासरा घरफोड्या निघाला," असं बायको म्हणायची आणि हसता हसता पदराने डोळे पुसायची. कुलूपवाला दाराला आडवी गादी टाकून झोपू लागला. एका सकाळी त्याचा डोळा लागला आणि अण्णा त्याला ओलांडून गेले. मालाच्या टेम्पोने त्यांना धक्का दिला. कपाळाला टाके पडले.

वृद्धाश्रमाच्या फाटकाला आकड्यांची बटणं होती. कुलूप नाही, भोक नाही, पिन घालायला जागा नाही. अण्णांना सोडायला निघाले त्या सकाळी मुलगी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक मिनिट ऐका. मला वाटतं आपलं चुकतंय, आणि मी सांगते कुठे चुकतंय."

"पुरे," तो म्हणाला होता. "हा वाद नाही."

तेव्हापासून ती बोलत नव्हती. कपाळाचे टाके तिनेही पाहिले होते, तेव्हा हा अबोला नुसता रागाचा होता की ती त्याला कायमचा गुन्हेगार धरून बसली होती, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आज कळेल, असा त्याचा हिशेब होता.

सभागृहात तो मागून दुसऱ्या रांगेत बसला. घड्या घालायच्या लोखंडी खुर्च्या, सेफ्टी पिनांनी जोडलेला पडदा, मध्येच किंचाळणारा माईक. अस्वस्थ झाला की तो कुलपं बघायचा. व्यासपीठाशेजारच्या दाराला हलकं पितळी कुलूप होतं, खिळ्यानेही उघडलं असतं. परीक्षक तीन होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी स्टीलच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या टाकून पेला मुलीपुढे धरला. तिने चिठ्ठी उलगडली आणि वाचली.

"अनुकूल."

म्हणजे संस्थेची बाजू. म्हणजे त्याची. कुलूपवाल्याने खुर्चीची कड धरली होती ती सोडली.

ती सावकाश बोलली. दुकानातल्यासारखी भांडली नाही. ती म्हणाली, माया पुष्कळ असते, पण मायेला झोप येते. संस्थेत पाळी बदलते, घरात कोणाची पाळी बदलते? ती म्हणाली, दाराला आडवं होऊन झोपणारा मुलगा मी पाहिलाय. त्याचं कुठे कमी पडलं ते मला कोणीतरी सांगावं. काळजी घेणारा माणूस थकला तर तो दुष्ट ठरत नाही, थकलेला ठरतो, आणि थकलेल्या माणसाच्या हाती आपलं म्हातारपण द्यायला तुमच्यापैकी कोण तयार आहे? पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्स उघडून रुमाल शोधला. कुलूपवाल्याला समोरचं धूसर दिसायला लागलं. त्याने पितळी कुलपाकडे बघायचा प्रयत्न केला, पण ते काही दिसेना.

समोर दुसऱ्या शाळेचा उंच मुलगा होता. तोही चांगला बोलला. घराची ऊब, नातवंडांचा आवाज, ओळखीच्या भिंती. प्रश्नांच्या फेरीत मुलीने त्याला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरी असं कोणी आजारी आहे?"

"नाही."

"बरं आहे," ती म्हणाली. सभागृह हसलं. ती हसली नाही.

तिला पहिला क्रमांक मिळाला. पाहुण्यांच्या हातून चषक घेताना तिने फोटोपुरतं वर पाहिलं.

बाहेरच्या ओसरीत पाण्याच्या टाकीपाशी तो तिची वाट बघत उभा राहिला. मैत्रिणींचा घोळका पांगला तेव्हा ती आली. चषक तिने दप्तरात कोंबला होता, त्याचे कान बाहेर आले होते.

"छान बोललीस," तो म्हणाला.

"हं."

"मला वाटत होतं तुला ते पटलेलं नाही. दाराशी झोपायचो ते तुझ्या ध्यानात होतं म्हणायचं. माझी बाजू घेतलीस, बरं वाटलं."

तिने टाकीचा नळ सोडला, ओंजळीने पाणी प्यायली आणि नळ घट्ट बंद केला.

"बाबा, चिठ्ठी ती आली."

"हो, पण जे बोललीस ते—"

"जे बोलले ते खोटं नव्हतं. पण मी ती बाजू काल संध्याकाळी तयार केली. दुसरी महिनाभर तयार आहे, अण्णांना सोडलं त्या दिवसापासून."

शिपाई खुर्च्या मिटून आत नेत होता, त्यांचा खडखडाट चालला होता.

"अण्णांकडे जायचंय मला," ती म्हणाली. "चषक दाखवायला. तुम्ही दुकानात जा."

"मीही येतो. दुकान काय पळून जात नाही." आणि फाटकाबाहेर पडल्यावर तो म्हणाला, "दुसरी बाजू सांग."

"कशाला?"

"त्या दिवशी मी ऐकली नाही."

गॅरेज गेलं, लाकडाची वखार गेली. मग तिने सुरुवात केली, आणि ती व्यासपीठावरची मुलगी नव्हती, स्टुलावरची होती.

"अण्णा पहिल्यांदा हरवले ते दुकानातून घरी येताना. घरातून नाही. आठवतंय? घरातून जायला लागले ते तुम्ही लॅच लावल्यावर. मी घरात असायचे, तुम्ही नसायचे. लॅच ओढायला आई विसरली त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं, आणि अण्णा दिवसभर खुर्चीत बसून होते. दाराकडे बघितलंही नाही. कुलूप दिसलं की उठायचे. त्यांना कुठे जायचं नव्हतं, बाबा. समोर बंद कुलूप होतं आणि ते कुलूपवाले होते. उघडून झाल्यावर पुढे काय करायचं ते त्यांना कळायचं नाही, म्हणून चालत सुटायचे. तुम्ही आणखी अवघड कुलूप आणायचात. ते आणखी खूश व्हायचे. मी तेच सांगत होते. टेबलावर एक कुलूप ठेवा आणि दार उघडं राहू द्या."

रस्त्यावर मागून सायकलवाला घंटी वाजवत आला. दोघं बाजूला झाली.

कुलूपवाल्याने मनात दिवस लावून पाहिले. लॅच, बोल्ट, गळ्यातली किल्ली. दुसऱ्या कुठल्याही माणसाने, चष्मेवाल्याने, बेकरीवाल्याने, दोन कुलपं झाल्यावर हात टेकले असते आणि दुसरं काहीतरी करून पाहिलं असतं. त्याच्याकडे कुलपांचं दुकान होतं.

"तुझं बरोबर असेलच असं नाही," तो म्हणाला.

"नसेलही. मला खोडून काढा."

त्याने प्रयत्न केला. वखारीपासून वृद्धाश्रमाच्या फाटकापर्यंतचा रस्ता पुरेसा लांब होता, पण त्याला एकही मुद्दा सुचला नाही. "मला मान्य नाही" एवढं म्हणता आलं असतं. तेही त्याला म्हणता आलं नाही.

फाटकावरच्या सेविकेने बटणं दाबून त्यांना आत घेतलं. अण्णा खिडकीशी होते. दाढी केलेली, शर्ट स्वच्छ, कपाळावरचा व्रण फिकट झालेला. "अगदी शहाण्यासारखे असतात," सेविका म्हणाली, "उठायचं नाव नाही, कसला त्रास नाही." मुलीने चषक त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी तो धरून ठेवला, कोणी सांभाळायला दिला असावा तसा.

"वाद जिंकले मी, अण्णा. संस्थेत ठेवणं चांगलं असतं, असं म्हटलं."

ती थांबली आणि वाट बघू लागली. अण्णा तिच्याकडे बघून गोड हसले.

"हो का?" ते म्हणाले. "छान, छान."

कुलूपवाल्याच्या खिशात दुरुस्तीला आलेलं एक बंद कुलूप होतं. साधं, शिकाऊ पोरानेही पिनेने उघडावं असं. त्याने ते अण्णांच्या हातात दिलं आणि मुलीने न सांगता केसातली पिन काढून पुढे केली. अण्णांनी कुलूप तळहातावर तोललं. उलटं केलं. भोकावर अंगठा ठेवला. दोघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिली. पिनेकडे अण्णांनी लक्षही दिलं नाही.

"याची किल्ली कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मुलीने पिन परत केसात खोवली.

"दुकानात राहिली, अण्णा," कुलूपवाला म्हणाला.

"मग उद्या घेऊन या," अण्णा म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला देतात तसं कुलूप त्यांनी अदबीने दोन्ही हातांनी परत केलं.