बॉनेटपुढची चार पावलं

उसाची रोपं मी नर्सरीतून थेट शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवते. वरकुट्याजवळ एकदा चिखलात पिकअपचं पोट टेकलं, ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. म्हणून गाडी उंच करून घेतली आणि मग बारामतीत मोठे टायर, नवे रिम बसवले. काय काय तपासायचं त्याची माझी यादी सोबत होतीच. नट दोनदा आवळून घेतले. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर मडगार्डला घासत नाही ना, ते पाहिलं. स्टेफनी जुन्या मापाची राहिली होती, तीही बदलायला लावली. ताईंच्या यादीत एवढं सगळं हाय तर मी कशाला हाय, असं फिटर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रोपांचे ट्रे भरले, मागून दोर बांधला आणि वर चढून स्टिअरिंगवर बसले. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. सकाळची वंदना झाली की त्या शेंगा सोलत अंगणात उन्हाला बसतात. वरून पाहिलं तर अंगण रिकामं होतं. आत गेल्या असतील, असं धरून मी गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला.

"येताना गूळ आन."

आवाज अगदी जवळून आला. समोर ओसरीची तुळई, दोरीवरचं लुगडं, ऊन. माणूस नाही.

"अगं, हितं हाय मी."

गाडी बंद करून उतरले. बंपरपासून हातभर अंतरावर त्या बसल्या होत्या, मांडीवर सूप.

मग मी बादली उपडी ठेवून मोजलं. एकेक पाऊल लांब सरकवायची, वर चढून बघायची. चार पावलांवर तिची कड दिसली. त्याच्या अलीकडे माणूस बसलं असेल तर ते मला दिसतच नाही. तिथे बसू नका म्हटलं, तर ऊन तितंच पडतं म्हणाल्या. वर टोमणा, "गाडी उंच केलीस नि मला बुटकं केलंस व्हय?"

तेव्हापासून यादीत पहिलं काम गाडीपुढून चालत जाण्याचं.

सध्या आत्या इंदापूरला माझ्या नणंदेकडे आहेत. आज सकाळी गाडीपुढून चालत गेले, कोणी नव्हतं. वर बसले. अंगण रिकामं होतं, अगदी त्या दिवशी होतं तसंच. क्लचवरचा पाय उचलेना. उतरून पुन्हा बघून आले.