मायसाठी घेतलेली गाडी

माझा थोरला भाऊ माझ्यापेक्षा कशातच वरचढ नाही, हे आधीच सांगून टाकतो. शिक्षण माझं जास्त, घर माझं मोठं, अकोल्यात मोटरपंपांचं दुकान माझं. तो मोर्शीजवळच्या आमच्या गावात संत्र्याचा बगीचा पाहतो आणि एक जुनी जीप चालवतो, जिचं मागचं दार दोरीने बांधलेलं असतं. तरी मी जन्मभर कोणावर जळत आलो असेन तर याच माणसावर. कारण माय त्याच्याकडे राहते.

नुसती राहते असं असतं तरी चाललं असतं. ती त्याला शिव्या घालते. "काहून बे मुडद्या, सकाळी दवाखान्यात नेतो म्हने, आता उजाडलं का तुले?" असं म्हणत ती दारात उभी राहते, तो खाली मान घालून हसतो, आणि ती बडबडतच जीपमध्ये बसते. मी गेलो की गादीवर धुतलेली चादर पडते. पाण्याचा गिलास पुन्हा एकदा विसळून येतो. एवढ्या वर्षांत मला तिने साधं "गाढवा" म्हटलेलं नाही. लोकांना भावाचा बंगला डाचतो, मला भावाच्या वाट्याच्या शिव्या डाचायच्या.

ही मोठी एसयूव्ही घेतली तेव्हा मी सगळ्यांना वेगवेगळी कारणं सांगितली. धंद्यात वट लागते, रस्ते खराब आहेत, वगैरे. खरं कारण एकच होतं, मायला अकोल्याला आणून महिनाभर ठेवायचं. मी न्यायला गेलो की ती म्हणायची, "यष्टीत पाय दुखते, जीपमंदी कंबर मोडते, येईन कधी तरी." म्हटलं, अशी गाडी आणतो की नाही म्हणायला जागाच राहू नये.

गाडीची सुखं खोटी नाहीत. एवढं उंच बसलं की समोरच्याशी बोलताना आवाज आपोआप जड होतो. पेट्रोल पंपावरचा माणूस आधी काच पुसतो आणि मग किती टाकू ते विचारतो. जे व्याही मला दुकानवाले म्हणायचे, त्यांचा मी एका आठवड्यात साहेब झालो. चिखल, वाळू, दगड, प्रत्येकासाठी वेगळं बटण आहे. पण जुन्या शहरात एका गिऱ्हाइकाकडे गेलो, तर गल्लीत ठेला, बकरी आणि खुर्ची टाकून बसलेले एक चाचा, तिघांना पाहून सेन्सर जे केकाटायला लागलं ते थांबेचना. चाचा जागचे हलले नाहीत. "मियाँ, इत्ती बडी गाडी गल्ली में कायकू लाये?" एवढंच म्हणाले. मी अर्धी गल्ली रिव्हर्समध्ये काढली.

गावची गंमत याहून वाईट. आमच्या शेताला जाणाऱ्या पांदणीच्या दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. ज्या रस्त्यासाठी ही गाडी बनवली, त्याच रस्त्याने तिला न्यायची माझी छाती होईना, एक काटा घासला की रंग गेलाच. गाडी दाखवायला गेलो तेव्हा ती रोडवर उभी करून मी मुकाट भावाच्या खटाऱ्यात बसून शेतात गेलो. त्याने सीटवरची माती झटकून मला जागा करून दिली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मागच्या हिवाळ्यात माय एकदाची हो म्हणाली. पायरी उंच, म्हणून भावाने तिला काखेत धरून चढवलं. "हळू ना बे, मी का संत्र्याचं कॅरेट हाव?" ती त्याच्यावर खेकसली. सीट क्रीम रंगाच्या चामड्याच्या. मी हसत हसत सांगितलं, "माय, आत संत्रं सोलू नको बरं, सालीचा रस उडला की डाग जात नाही." तिने पिशवीत घातलेला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. "नाही सोलत," म्हणाली.

भाऊ खिडकीशी आला. "काच उघडी ठेवजो. तिले गाडी लागते."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मायचं काय दुखतं-खुपतं ते यालाच ठाऊक, मी कोणी नाही. "तुझ्या जीपच्या धुरानं लागत असेल," मी म्हणालो. "हिच्यात एसी आहे." आणि त्याच्या नाकासमोर काच वर केली.

अमरावतीपर्यंत मी बोलतच होतो. छत कसं उघडतं, सीट कशी गरम होते, खड्डा कसा कळतसुद्धा नाही. मागून ती "हो", "छान हाय" म्हणत होती. बडनेरा गेलं आणि मागचं "हो" बंद झालं. मला वाटलं, झोपली. बरं वाटलं. भावाच्या जीपमध्ये तिला कधी अशी झोप लागली असेल का, असंही मनात आलं, आणि मी गाणी जरा हळू केली.

मूर्तिजापूरजवळ चहासाठी थांबलो आणि मागचं दार उघडलं. ती जागी होती. पदराचा बोळा करून दोन्ही मुठींत घट्ट धरलेला. वास आला तेव्हा कळलं. तिला उलटी झाली होती, आणि एकदाच नव्हती झाली. सगळी तिने पदरात झेलली होती.

"सीटले नाही लागलं," ती म्हणाली. "पाहून घे."

"मला थांबव म्हणायचं ना, माय."

"तू बोलून राहिला होता ना बापू. अन् तुही गाडी नवी."

बाटलीच्या पाण्याने मी रस्त्याच्या कडेला तिचा पदर धुतला. लाज वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याआधी जळफळाट झाला. भावाच्या जीपमध्ये तिने त्याच्या पाठीत बुक्की घातली असती. "थांबव बे" म्हणून ओरडली असती, डोकं बाहेर काढून मोकळी झाली असती आणि वर त्यालाच चार शब्द सुनावले असते. माझ्या गाडीत ती पन्नास किलोमीटर तोंड दाबून बसली.

अकोल्याला पोचल्यावर तिने भावाला फोन केला. "मस्त आली रे. पोटातलं पानी हालत नाही." मी शेजारीच उभा होतो. पुढचे दिवस ती माझ्या बायकोला विचारून चहा घ्यायची, टीव्ही लावू का म्हणायची, स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायची. महिन्याचा बेत होता. पाचव्या दिवशी म्हणाली, थोरल्याले बोलाव.

मी सोडायला येतो म्हणालो. "तुले कायले तरास," म्हणाली.

तो दुपारी जीप घेऊन आला. सकाळी नऊचं सांगून दुपारी आला म्हणून तिने त्याला फाटकातच धारेवर धरलं. सीटवर माती, पायाशी रिकामी पोती, याच्यावरूनही त्याला बोलणी बसली. शेजारीपाजारी पाहत होते. तो आपला हसत पोतं झटकत होता, आणि ती बिनाकाचेच्या खिडकीत कोपर टेकवून ऐसपैस बसली.

जीप सुरू झाली तेव्हा तिने माझा हात हातात घेतला. "लय केलं बापू तू माह्यासाठी," म्हणाली. "लय तरास झाला तुले."

भावाला ती असं म्हणाल्याचं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.