आत्याच्या चंचीतल्या गोळ्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला आमच्या शाळेत, नववीच्या वर्गावर होते. माहेराहून, लोह्याहून, धाकटा भाऊ बोलत होता. "ताई, आत्या गेली गं… सकाळी चहा घेतला अन् बसल्या बसल्याच…" मी व्हरांड्यातल्या भिंतीला टेकले. रडू आलं, पण ते नंतर. त्याआधी जे आलं ते सांगताना आजही जीभ अडखळते. मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते कुणालाच कळणार नाही, असं वाटलं. जिनं मला हाताला धरून उभं केलं, तिच्या मरणाची बातमी ऐकून मला पहिल्यांदा हे सुचलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. पण बिचारी वगैरे अजिबात नव्हे. अंगानं दणकट, आवाज खणखणीत, तोंड त्याहून खणखणीत. गल्लीत कुणाच्याही घरी बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला आत्याला बोलावणं ठरलेलं. पाटावर पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची आणि ते किंचाळायला लागलं की म्हणायची, "रड की मर्दा, गावाला कळू दे आलास म्हणून!" कमरेला कायम चंची खोचलेली. कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरीनं बांधायची, पान-सुपारीची कापडी चंची. आत्याच्या आधी चंचीचा वास यायचा.

आठवीत माझं काहीतरी बिनसलं. काय ते मला सांगता येत नव्हतं. सकाळी उठावंसं वाटेना, केस विंचरावेसे वाटेनात, वर्गात बाई काय शिकवतात ते ऐकू यायचं पण आत पोचायचं नाही. बाईंनी आळशी ठरवलं. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. वडील म्हणाले, अभ्यास नको म्हणून सगळी नाटकं चाललीत. माझी वेणी घालता घालता आत्या त्यांच्यावर कडाडली, "आरं, नाटक करणारी पोरगी एवढी गप बसती व्हय? तिला काय तरी होऊन राहिलंय. डॉक्टरला दाखव." वडिलांनी शेवटी मान हलवली, पण अट घातली. गावात बोभाटा नको, उद्या पोरीचं लग्न व्हायचं आहे.

मग आत्याचे गुडघे दुखायला लागले. दर महिन्याला आम्ही एसटीनं नांदेडला. वाटेत कुणी विचारलं की आत्या गुडघा चोळत सांगायची, "दाखवायला चालले. पोरगी सोबतीला हाय." त्या मनोविकाराच्या दवाखान्यात बाकावर जागा मिळायची नाही. कुणाच्या अंगावर निळा गणवेश, कुणाच्या खाकी, एक मुलगी तर दप्तर मांडीवर घेऊन आलेली. जगात अशी मी एकटीच, असं मला वाटत होतं. आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, "बघ की, एवढी पोरं! समदी कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याला सोबत आलीत." किती महिन्यांनी हसले मी त्या दिवशी! घरी कुणी आलं-गेलं पाहील म्हणून माझ्या गोळ्या चंचीच्या आतल्या कप्प्यात असायच्या. जेवण झालं की सुपारी कातरल्यासारखं करून आत्या एक गोळी माझ्या तळहातावर ठेवायची, वर बडीशेप.

एकदा आमच्या गल्लीतली एक बाई तिच्या नवऱ्याच्या कामासाठी नांदेडला आलेली. तिनं आम्हाला नेमकं त्या दवाखान्याच्या पाटीखाली पाहिलं. "इथं कुणाला दाखवायला?" आत्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मलाच की. डोस्कं फिरलंय माझं. तुला दिसत न्हाई व्हय?" आणि वर हसली.

लोह्यात बातमी आमच्या एसटीच्या आधी पोचली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या सुनेनं आत्याच्या पायांवरून बाळ उचलून घेतलं. "आज नको आत्याबाई, त्याला सर्दी हाय." त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक बाळाला सर्दीच झाली. आत्याला कुणी बोलावलं नाही.

मी मात्र बरी झाले. शिकले, शिक्षिका झाले, लातूरजवळच्या मुरुडच्या घरी लग्न होऊन गेले. नवऱ्याला, सासरी यातलं काही सांगितलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. लेकीला घरी आणलं त्या सकाळी आत्यानं पाणी तापवलं, पाट मांडला, पदर खोचला. इतक्या वर्षांनी तिच्या पायांवर बाळ येणार होतं. बाळाला पाहायला आलेल्या सासूबाई माझ्या आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांच्या हाती नका देऊ. त्यांचं डोक्याचं हाय म्हणं." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी लेकीच्या झबल्याची गाठ सारखी करत बसले… एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. दुसऱ्या बाईला बोलावणं गेलं. आत्या पाटावरून उठली, "बराबर हाय त्यांचं," म्हणाली, आणि जाता जाता त्या बाईला सांगून गेली, "पाणी जरा कडक हाय, बघून घे."

आज माझ्या प्रत्येक वर्गात दवाखान्यातल्या बाकावरचे ते डोळे मला ओळखू येतात. त्या पोरांचे आई-वडील सांगतात, पोट दुखतं, चष्म्याचा नंबर वाढलाय. मी पालकसभेत मोठ्या तोंडानं सांगते, लपवू नका, लाज कसली त्यात. आणि आत्याच्या दहाव्याला एक म्हातारी म्हणाली, "सुटली येडी," तेव्हा मी मान खाली घालून बसले होते.

चंची मी लातूरला घेऊन आले. गेल्या आठवड्यात सासूबाई मुरुडहून आल्या, त्यांना ती कपाटात दिसली. "ही तुझ्या त्या आत्याची ना? कशाला ठेवलीस घरात?" काय झालं कोण जाणे, मी दोरी सोडली, आतला कप्पा उलटा करून दाखवला. म्हटलं, "आई, यातल्या गोळ्या माझ्या होत्या. आत्याला काही झालं नव्हतं. मी आजारी होते… शाळेत असताना."

मला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. सासूबाईंनी त्या रिकाम्या कप्प्यातून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मग तवाच बोलली का न्हाईस गं? न्हाऊ घातलं असतं की त्यांनी पोरीला."

त्या उठून आत गेल्या. मी चंची गुंडाळायला घेतली. आत्या दोन वेढे देऊन दोरी खोचायची, तसं करून पाहिलं. ती सारखी सुटत होती.