नाव संपलं की हात सोडा

माणसाची पारख कुणी चपलेवरून करतं, कुणी आडनावावरून, कुणी सातबाऱ्यावरून. ती संडासातल्या फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून करणारा गृहस्थ तापीच्या दोन्ही काठांवर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. मी त्यांना आबा म्हणतो, ते मला साडूभाऊ म्हणतात, आणि आमच्या दोघांच्या बायका आम्हा दोघांना मिळून काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

आबा कोरीटला राहतात, मी नंदुरबारला. मिरचीच्या नाहीतर पपईच्या कामाने शहरात आले की ते माझ्याकडे येतात, आणि येतात म्हणजे चपला काढून सरळ संडासात जातात. पाहुण्याला आधी पाणी विचारावं ही आपली रीत. हा पाहुणा आधी आमच्या पाण्याची विचारपूस करतो. आत झाकण उचलल्याचा खडखडाट होतो, मग बराच वेळ कानोसा घेतल्यासारखी शांतता, आणि मग आबा बाहेर येतात ते उजवी बाही कोपरापर्यंत ओली आणि तोंडावर नाडी बघून आलेल्या वैद्याचा भाव घेऊन. "साडूभाऊ, तुम्हनी टाकी रडी ऱ्हायनी," असं हळू आवाजात सांगतात. जणू घरातलं कुणी शेवटच्या घटका मोजतंय. माझी बायको तेवढ्यात चहाचं आधण ठेवते आणि मला खुणेने विचारते, आज टॉवेल कोणता द्यायचा, हाताचा की अंगाचा.

हे वेड त्यांना लागलं पपईपायी. आबांनी वावरात ठिबक बसवलं तेव्हापासून पाण्याचा थेंब त्यांना विचारल्याशिवाय जमिनीत जात नाही. कुठलं झाड किती तहानेलं आहे हे ते बांधावरून ओळखतात. मी तर असं ऐकलंय की त्यांच्या मळ्यात चिमणी चोच बुडवायच्या आधी आबांकडे बघते. तर एके दिवशी मळ्यातून घरी आले, संडासात गेले, हँडल दाबलं आणि अख्खी टाकी धबधब्यासारखी खाली आली. आबा तिथेच थबकले. "झाडले जितलं लागस तितलंच देवानं," ते मला म्हणाले, "पपईले थेंब थेंब, आनि आठे चहाना कपभर कामले सगळा पाट सोडी देवाना? काबरं?" मी म्हटलं, "आबा, पपई फळ देते." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचे दोन सण मी त्यांच्याशी तत्त्वज्ञान बोललो नाही.

मग सुरू झाले व्हॉल्व्ह. ठिबकचे उरलेले तुकडे, नळीची बुचं, रबरी चकत्या, सायकलच्या ट्यूबची कातरणं, सगळं पपईच्या क्रेटमध्ये जमा होऊ लागलं, आणि तो क्रेट घेऊन आबा संडासात बसू लागले. पहिल्या व्हॉल्व्हने पाणी वाचवलं यात शंका नाही, कारण त्याने पाणी टाकीत येऊच दिलं नाही. दुसऱ्याने पाणी सोडलं, पण वरच्या दिशेने. ताईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, छताला नवा रंग दिला होता तो त्यांना पुन्हा द्यावा लागला. तिसरा चांगला होता, फक्त तो शिट्टी वाजवायचा, आणि पहाटे आबा आत गेले की शेजारच्याला वाटायचं दूधवाला आला. तो भांडं घेऊन बाहेर यायचा.

आपल्या घराची टाकी आपली, तिला छळा. पण आबांना गावच्या टाक्या परक्या वाटत नाहीत. खांडबाऱ्याला एका मारवाडी शेठजींनी नवा बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो. होम पेटला, मंत्र सुरू झाले, आणि माझ्या शेजारचा पाट रिकामा. शेठजींना कुणीतरी सांगितलं, ते धोतर सावरत आत गेले. आबा नव्याकोऱ्या टाकीत हात घालून उभे. शेठजी हात जोडून म्हणाले, "पाटीलसाब, सब लोग पूजा में बैठे हैं, आप टंकी में क्यों बैठे हो?" आबा म्हणाले, "शेठ, घर भलतं भारी शे. पन गळी ऱ्हायनं." शेठजींच्या आईने ते ऐकलं, आणि नवं घर गळतं म्हणून म्हातारीने जेवण सोडलं. तिची समजूत काढता काढता आम्हाला बासुंदी तीनदा वाढली गेली, त्यामुळे माझी त्या प्रकाराबद्दल काही तक्रार नाही.

शेवटी आबांना रस्ता सापडला तो तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर. तिथे एक कोळी जाळं सुकवत होता. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, जाळं तळाला बसावं म्हणून. आबा त्या गोळ्यांकडे बघत राहिले. आपल्या टाकीत काय होतं, हँडल एकदा दाबलं की खालचं रबरी बूच उचललं जातं आणि टाकी रिकामी होईतो तरंगत राहतं. त्या बुचाला गोळ्या बांधल्या तर? हात धरलाय तोवर पाणी, हात सोडला की बूच खाली, पाणी बंद. इतकं साधं. आबांनी गोळ्या मागून आणल्या, बांधल्या, आणि आठवडाभर त्यांचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं. आल्यागेल्याला आत नेऊन दाखवायचे. ग्रामसेवकालासुद्धा नेलं, तो कागदावर सही घ्यायला आला होता, तो सही न घेताच परत गेला.

आता ताईंचं ऐका. ताई म्हणजे माझी मेहुणी. आबांचा संसार त्यांनी निभावला, याचं श्रेय त्यांच्या माहेरच्या पाण्याला आहे असं माझी बायको म्हणते. त्या वर्षी कानबाई त्यांच्या घरी आली. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी नारळाची देवी मांडतात, सगळे भाऊबंद एका घरात गोळा होतात, आणि सोमवारी देवी नदीवर नेतात. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, आणि प्रसादाचे रोट. रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. मी पडलो साडू. रोटात माझा वाटा नाही, पण संडासाच्या रांगेत मला कुणी परकं मानलं नाही. शनिवारी रात्रीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि रविवारी सकाळी गावातली विजेची डीपी जळाली. मोटार बंद. वरच्या टाकीत जे पाणी तेवढंच, देवी नदीवर जाईतो.

ताई पदर खोचून आबांसमोर उभ्या राहिल्या. "आवो, ध्यान द्या. ह्या घरनी अब्रू तुम्हना व्हॉल्व्हना हातमा शे. कानबाई जावाना पहिले पानी सरनं ना, ते तो क्रेट मी कानबाईसंगे नदीमा सोडी दिसू. आनि पुन्हा टाकीमा हात घालाना नई." आबा म्हणाले, "सरावं नई." पण त्यांचा आवाज बुडत्या जाळ्यासारखा होता. कारण तो क्रेट म्हणजे आबांची सगळी उमेद होती.

दुपारी जेवणं झाली आणि पुरणाने आपलं काम सुरू केलं. भाऊबंद हँडल दाबायचे आणि सवयीने लगेच सोडायचे. आतून नुसता हुंकार. व्हॉल्व्ह बिघडला असं समजून जो तो बाहेर येऊन पिंपातली बादली भरून न्यायचा, आणि पिंप उतरलं की वरच्या टाकीचा नळ सोडून पुन्हा भरायचा. पाणी वाचवायच्या व्हॉल्व्हमुळे दुप्पट पाणी चाललं होतं. आबा दाराबाहेर उभे राहून आतल्याला सूचना देऊ लागले. "दाबा. दाबी धरा. आखो जरासं. आते सोडा." आत त्यांची आत्या होती, गावाची फुई. ती आतून गरजली, "मी आठे बठेल शे आनि हाऊ बाहेरथून हुकूम सोडी ऱ्हायना. भाऊ, तू जाय, नईतं मी निंघावच नई." रांगेला घाम फुटला. एका पुतण्याने गच्चीवर जाऊन टाकी ठोकली. ती ढोलासारखी वाजली. अर्धी तरी गेली होती. आबांनी गुपचूप क्रेट उचलून गोठ्यात ठेवलेला मी पाहिला.

तेवढ्यात ताई पुरणाचे हात पुसत आल्या. रांगेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. आबा कोपऱ्यात उभे होते, बाही ओली, आणि कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. ताई म्हणाल्या, "आयका सगळा. हँडल धरा आनि नाव ल्या. नाव सरनं का हात सोडा. ल्हान कामले निस्तं नाव, मोठा कामले पूरा उखाना."

मग नुकतीच बाहेर आलेली फुईच परत आत गेली, म्हणाली, हात तर धुवायचेच होते. आतून खणखणीत आवाज आला: "तापीना काठे पपईना मळा, रावसाहेबना नाव लिसू तवलोंग पानी ढळा." आणि पाणी बरोबर पुरलं, हात सोडल्याबरोबर थांबलं. त्यानंतर कोरीट गावाने जे ऐकलं ते कुठल्याही लग्नात ऐकायला मिळत नाही. जन्मात बायकोचं नाव न घेतलेले म्हातारे आत जाऊन लाजत लाजत नाव घेत होते आणि बाहेर त्यांच्या बायका पदर तोंडात धरून कान लावत होत्या. एका बिनलग्नाच्या पुतण्याने मोटारसायकलचं नाव घेतलं. आबांचे थोरले भाऊ मात्र पूर्वी सरपंच होते. त्यांनी उखाण्याआधी प्रास्ताविक सुरू केलं तेव्हा ताईंनी बाहेरून दार वाजवलं. मीही घेतलं. बाहेर आलो तर बायको म्हणाली, "घरी काय हँडल नाही म्हणून इतकी वर्षं गप्प होतात का?"

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ताई स्वतः आत गेल्या. आबा दाराशी उगीच रेंगाळत होते. आतून आवाज आला: "कोरीटना वावरमा ठिबकनी नळी," मग नाव, आणि मग, "यासना पानीना हिशोब मन्हाच गळी." आबा एवढे लाजले की गोठ्यात जाऊन क्रेट परत घेऊन आले. सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीवर गेली. टाकीत पाणी होतं. क्रेट घरीच राहिला.

आता ताई सुरतला असतात. मुलाच्या घरी नातवंडं आहेत, सून कामाला जाते, आणि जाताना जे "महिनाभर" म्हणून गेल्या त्याला बराच काळ झाला. आबा एकदा जाऊन आले. तिथल्या टाकीला दोन बटनं, लहान आणि मोठं, झाकण उचलायला जागाच नाही. चार दिवसांत परत आले, म्हणाले पपई वाट बघत होती. ताई मात्र बहिणीला फोनवर म्हणाल्या, "आठली बटनं भलती घाई करतस. दाबं का सरनं. नाव लेवाले येळच भेटत नई."

मागच्या महिन्यात मी कोरीटला गेलो. दार उघडं, ओट्यावर क्रेट, घरात कुणी नाही. आबा आत होते. मी हाक मारणार तेवढ्यात पाणी सुटल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर त्यांचा, हळू, पण स्पष्ट: "सुरतना फ्लॅटमा बटनं दोन," मग ताईंचं नाव आलं, ते मी इथे लिहीत नाही, ते त्या घरचं आहे, आणि मग, "बिगर आठे बोलस कोन."

उखाणा संपला होता. मी हात सोडल्याचा आवाज ऐकायला थांबलो. पण पाणी वाहतच राहिलं, वाहतच राहिलं, टाकी रिकामी होईपर्यंत. शिशाच्या गोळ्या बांधल्यापासून त्या घरात एवढं पाणी एका वेळी कधी गेलं नव्हतं. मी पाय न वाजवता ओट्यावर येऊन बसलो, आणि आबा बाहेर आल्यावर आत्ताच आलो असं सांगितलं.